निरोपाचा सीझन: बागेतल्या पाहुण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पळसावर बसलेल्या भोरडीचा, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या रोझी स्टार्लिंग पक्ष्याचा, फोटो छापला होता आणि खाली एकच ओळ होती, की ही आता महिन्याभरात जाईल. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, मेल आले, व्हॉइस नोट आल्या, की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बहुतेकांचा प्रश्न फिरून एकच, कुठं जाते, का जाते, आणि आपल्या गावातल्या बागेत उभं राहून हे बघता येतं का. येतं. आणि त्यासाठी फाल्गुन-चैत्रासारखे दिवस नाहीत.

आमच्या घरासमोरच्या पिंपळावर रोज दिवेलागणीला हजारो पक्षी उतरायलेत. इतका कल्ला असतो की टीव्ही ऐकू येत नाही. सासरे म्हणतात या भोरड्या, ज्वारीच्या वैरी, हाकला. पण मुलीनं गच्चीवरून बघितलं तर गुलाबी रंगाच्या, लई देखण्या. या आल्यात कुठून? (एक गृहिणी, परभणी)

ताई, सासरे आणि मुलगी दोघंही खरं बोलतायत. सासऱ्यांनी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलेली असणार, डबे बडवलेले असणार, ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचा थवा कणसावर कसा पडतो आणि अर्ध्या तासात काय करून ठेवतो हे ज्यानं बघितलंय त्याचा राग खोटा कसा म्हणणार. पण त्याच भोरड्या हरभऱ्यातल्या घाटेअळ्या वेचतात, नाकतोडे खातात, आणि त्यांच्या मायदेशात तर त्यांची ओळखच टोळ खाणारा पक्षी अशी आहे. मध्य आशियातली गवताळ मैदानं, कझाकस्तान वगैरे, तिथून पार पूर्व युरोपच्या कडेपर्यंत त्या मे-जूनमध्ये अंडी घालतात, जिथं टोळ जास्त तिथं यांची वसाहत. चीनच्या शिनजियांग भागात तर सरकार यांच्यासाठी दगडांचे ढीग रचून देतं, फटीत घरटी करावीत आणि टोळ खावेत म्हणून, तेवढी फवारणी वाचते. म्हणजे आपण जिला गोफणीनं हाकलतो तिला तिकडं घर बांधून देतात. मला हे वाचल्यापासून त्या पिंपळाखालून जाताना वेगळंच वाटतं.

आता गुलाबीचं. पोळ्याच्या आधीमागं पहिले थवे येतात तेव्हा त्या मळकट दिसतात, पिल्लं तर मातकट रंगाची. हिवाळ्यातल्या नव्या पिसांच्या कडा भुरकट असतात, त्या कडा घासून झिजत जातात आणि खालचा गुलाबी वर येतो. म्हणजे रंग नवा चढत नाही, वरचा उतरतो. मार्च-एप्रिलमध्ये ती सगळ्यात सुंदर दिसते आणि नेमकी तेव्हाच निघते. तुम्हाला जमलं तर मुलीला घेऊन सकाळी एखाद्या पळसाखाली दहा मिनिटं उभ्या रहा. भोरडी फुलात चोच खुपसते आणि डोकं बाहेर काढते तेव्हा काळ्या कपाळावर परागाचा पिवळा ठिपका असतो, तसाच घेऊन ती पुढच्या झाडावर जाते. पांगारा, काटेसावर, पळस, मग वड-उंबराची फळं, हे सगळं त्या आत्ता खातायत ते वाटखर्चासाठी. चरबी साठवल्याशिवाय एवढा प्रवास होत नाही.

आणि पिंपळावर उतरण्याआधी आकाशात जो थवा वळतो, एकदम काळा होतो, एकदम विरळ होतो, तो टीव्ही बंद करून बघा. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ असतो. शिक्रा किंवा ससाणा आसपास असला की थवा आणखी घट्ट होतो, कारण एकट्या पक्ष्याला पकडणं सोपं, गर्दीतल्याला अवघड. एप्रिल संपता संपता तुमचा पिंपळ शांत होईल.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात लिहिलंय की स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात. इंग्रजी व्हिडिओत सगळे म्हणतात स्प्रिंग मायग्रेशनला पक्षी येतात. नेमकं काय धरायचं? (एक विद्यार्थी, नांदेड)

दोन्ही बरोबर आहे मित्रा, फक्त उभं राहायची जागा वेगळी आहे. युरोप-अमेरिकेत वसंतात पक्षी घरी परततात, म्हणून तिकडं वसंत म्हणजे स्वागत. आपल्याकडं ते ऑक्टोबरच्या आधीमागं येतात, थंडी काढतात आणि फाल्गुन-चैत्रात निघतात. म्हणजे आपला वसंत हा निरोपाचा सीझन. एवढं डोक्यात पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण तिकडचे व्हिडिओ बघून इथं मार्चमध्ये नवीन पाहुणे शोधत बसलास तर हाती काही लागणार नाही, इथं बघायचं ते जाणाऱ्यांना.

आता 'जाणारे' म्हणजे फक्त आपल्याकडं राहिलेले नव्हेत. दक्षिणेत, पार श्रीलंकेपर्यंत गेलेले परतीच्या वाटेवर आपल्यावरून जातात आणि एखाद-दोन दिवस आपल्या बागेत थांबतात. म्हणून मार्चच्या शेवटी कधी कधी एखादा पक्षी दिसतो जो अख्ख्या हिवाळ्यात तिथं नव्हता. सगळे सरळ उत्तरेला जातात असंही नाही. काळ्या डोक्याचा भारीट, तो पिवळाधमक, फेब्रुवारीत ज्वारीच्या रानात थव्यानं असतो, तो वायव्येकडं इराण, तुर्कस्तानच्या बाजूला जातो. आणि पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, जो हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर दिसतो, तो हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडं जातो. अंगावर यंत्र बसवून मागोवा घेतला तेव्हा ७ हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालीय. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही ऑक्सिजन चांगला धरतं. हे परीक्षेत विचारतील न विचारतील, पण लक्षात ठेव. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हे मात्र विचारू शकतात.

जायची वेळ कशी कळते, तर मुख्य घड्याळ दिवसाच्या लांबीचं. दिवस मोठा व्हायला लागला की शरीरात बदल सुरू होतात, भूक वाढते, रात्री चुळबुळ सुरू होते. मग उन्हाळ्यात इकडं येणारेही आहेतच, चातक मे अखेर-जूनला आफ्रिकेकडून पावसाच्या पुढं येतो, नवरंग दक्षिणेकडून येतो. नवरंगाचं खाली येतंय.

मी रिटायर झालोय, रोज सकाळी सिद्धार्थ उद्यानात चालायला जातो. कावळे, कबुतरं, साळुंक्या यापलीकडं काही दिसत नाही. कुठं बघायचं असतं? (एक ज्येष्ठ वाचक, छत्रपती संभाजीनगर)

काका, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, तुम्ही चालता. पक्षी बघायचे तर थांबावं लागतं. तुमच्या पाच फेऱ्यांमधली एक फेरी कमी करा आणि ती वीस मिनिटं एकाच जागी उभं रहा, पाठीला झाड, सूर्य मागं.

जागा कुठली निवडायची? एप्रिलमध्ये मी सगळ्यात आधी गळका नळ शोधतो. बागेत कुठंतरी एक पाइप ठिबकत असतोच, खाली ओलसर माती, त्यावर माश्या-चिलटं, आणि शेजारी झुडूप. मागच्या वर्षी अशाच एका जागी, नळाच्या पाइपवर, चिमणीपेक्षाही लहान एक मळकट पक्षी बसलेला, शेपटी सारखी वर करत होता, वर केली की बाजूचं पांढरं चमकायचं. खाली उतरायचा, एक चिलट उचलायचा, परत पाइपवर. गळ्यावर नारिंगी डाग. लाल छातीचा माशीमार, रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर, युरोपातल्या जंगलातून आलेला. शेजारून चालणारी माणसं जवळजवळ त्याला खेटून जात होती, तो उडतही नव्हता. मी चाळीस मिनिटं तिथंच होतो. दोन दिवसांनी पाइप रिकामा.

दुसरी जागा म्हणजे मोठ्या झाडाचा शेंडा, लिंब, शिरीष, आंबा. तिथं बघण्याआधी ऐका. चैत्र पालवीच्या पानांसारखाच हिरवट रंग, वजन सात-आठ ग्रॅम, पानाआड पान असा तो हिरवट पर्णवटवट्या, डोळ्यांनी सापडत नाही, पण 'चिस्-लिप', 'चिस्-लिप' असा बारीक तुटक आवाज एकदा कानात बसला की मग तो प्रत्येक बागेत ऐकू यायला लागतो, आणि तुम्हाला कळतं की गेले सहा महिने तो तुमच्या डोक्यावरच होता. निघायच्या आधी मार्च-एप्रिलमध्ये तर तो गातो पण.

वेळ, उजाडल्यापासून आठपर्यंत. छोटे पक्षी प्रवास रात्री करतात, अंधार पडल्यावर निघतात आणि पहाटे जिथं हिरवं दिसेल तिथं उतरतात, उपाशी, म्हणून पहिला तासभर ते सगळ्यात जास्त हालतात. दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८ बाय ४२ घ्या, ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० वाली घेऊ नका, हात हलतो तेवढं चित्रही जास्त हलतं.

सिद्धार्थ उद्यानाचा कंटाळा आला की हिमायत बागेकडं जा. मुघलांच्या काळातली बाग, आता तिथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, जुनी आंब्याची झाडं, खाली पाचोळा. समोरच डॉ. सलीम अली सरोवर, जुनं नाव खिजरी तलाव, भारतात पक्ष्यांचा अभ्यास ज्यांनी घरोघरी नेला त्यांचं नाव या तळ्याला दिलंय. रस्त्याच्या कडेनं कुंपणाबाहेरून बघितलं तरी कडेच्या झाडांत बरंच दिसतं.

कोकिळा पण स्थलांतर करते का? हिवाळाभर गायब असते आणि होळीच्या सुमारास अचानक ओरडायला लागते. (एक वाचक, बीड)

गायब नसते, गप्प असते. इथलीच आहे. आणि ओरडतो तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा, मादी तपकिरी ठिपक्यांची. कावळ्यांची घरटी बांधायची वेळ आली की याचा आवाज सुरू होतो, कारण मादीला अंडी तिथंच घालायचीत.

मागच्या जूनमध्ये पहाटे आमच्या गॅलरीत एक पक्षी निपचित पडलेला सापडला. हिरवी पाठ, निळे पंख, पोटाखाली लालभडक, शेपटी जवळजवळ नाहीच. मुलांनी दूध-ब्रेड दिलं, दुपारी मेला. काय चुकलं? (एक पालक, जालना)

वाचून वाईट वाटलं, मुलांना तर किती वाटलं असेल. तो नवरंग होता, इंडियन पिट्टा. हिवाळा दक्षिण भारतात, श्रीलंकेत काढतो आणि मे-जूनमध्ये पावसाच्या पुढं विणीसाठी उत्तरेकडं, मध्य भारताकडं सरकतो, रात्री उडतो. शहराच्या उजेडात भरकटतो, काचेवर आदळतो, नाहीतर थकून कुणाच्याही गॅलरीत उतरतो. दरवर्षी या दिवसांत कुठून ना कुठून तरी असा फोन येतोच.

तुम्ही मुद्दाम काही चुकीचं केलं नाही, पण पुढच्या वेळेसाठी सांगतो, मुलांना पण सांगा. दूध नाही, ब्रेड नाही, आणि चोच उघडून पाणी तर अजिबात नाही, ते श्वासनळीत जातं. बुटाचा खोका घ्यायचा, भोकं पाडायची, तळाशी सुती कापड, पक्षी अलगद आत ठेवायचा, झाकण लावायचं आणि खोका अंधाऱ्या, शांत, गार खोलीत. बघायला म्हणून सारखं उघडायचं नाही, कारण आपला चेहरा हीच त्याच्यासाठी सगळ्यात मोठी भीती असते. नुसता धक्का बसलेला असेल तर तासा-दोन तासात खोक्यात खुडबूड ऐकू येते, मग जवळच्या झाडीत नेऊन खोका जमिनीवर उघडायचा आणि मागं व्हायचं, फेकायचं नाही. पंख लोंबत असेल, रक्त असेल तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६ लावा. घरी पाळायचा मोह करू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते चालत नाही.

आणि कुठल्याही पक्ष्याच्या पायात धातूचं कडं दिसलं, जिवंत असो वा मेलेला, तर त्यावरचा नंबर लिहून घ्या, फोटो काढा. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं असू शकतं, मुंबईची १८८३ पासूनची संस्था, कड्यावर त्यांनाच कळवा असं इंग्रजीत कोरलेलं असतं. कुठला पक्षी कुठून कुठं जातो याची बरीच माहिती अशा कुणीतरी कळवलेल्या नंबरातूनच आलीय.

आमच्या कॉलनीजवळच्या बागेत पाडव्याच्या आधी 'सुशोभीकरण' झालं. झुडपं छाटली, पाचोळा जाळला, झाडांना लायटिंगच्या माळा गुंडाळल्या. आधी तिथं निळ्या गळ्याचा एक पक्षी दिसायचा, आता नाही. ते पक्षी काय खाऊलालेत, कुठं राहूलालेत, कुणालाच पडलेलं नाही. बोलायचं कसं यांना? (एक कॉलेज प्राध्यापिका, लातूर)

मॅडम, तुमचं पत्र वाचताना मीच चिडलो. निळ्या गळ्याचा म्हणजे शंकर, ब्लूथ्रोट. तो कायम जमिनीलगत, ओलसर झुडपात, पाचोळा उलटून किडे खाणारा. झुडूप गेलं, पाचोळा गेला, म्हणजे त्याचं घर आणि ताट एकदमच उचललं, आणि तेही कधी, तर प्रवासाच्या आधी त्याला सगळ्यात जास्त खायचं असतं तेव्हा. हे काम जूनमध्ये केलं असतं तर निदान त्याच्या तोंडचा घास गेला नसता.

लायटिंगचं तर आणखी गंभीर आहे. रात्री उडणारे पक्षी ताऱ्यांवरून दिशा धरतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत तारांगणात पक्षी ठेवून हे तपासलं होतं, घुमटावरचं आकाश फिरवलं की पक्ष्यांचा निघायचा रोखही फिरायचा. अशा पक्ष्याला खाली झगमगाट दिसला की तो गोंधळतो. जालन्याच्या गॅलरीतला नवरंग तुम्ही वर वाचलाच.

बोलायचं कसं, तर भांडण नको, यादी द्या. तुमच्याकडं कॉलेजची पोरं आहेत, दोन-तीन जणांना रोज सकाळी अर्धा तास पाठवा, महिन्याभरात जे दिसेल ते तारखेसह लिहा, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका म्हणजे ती नोंद तुमच्या वहीपुरती राहत नाही. ती यादी जोडून अर्ज द्या आणि मागणी छोटी ठेवा. बागेचा एक कोपरा न झाडता, न छाटता सोडायचा, तिथं उथळ पाण्याचं एक पसरट भांडं, दोन बोटं पाणी, रोज बदललेलं. माळा रात्री दहाला बंद. नवीन झाड लावायचं तर कोनोकार्पससारखं परदेशी झाड नको, पळस, पांगारा, उंबर लावा. 'पर्यावरण वाचवा' म्हटलं की साहेब मान डोलावतात आणि विसरतात, 'या झुडपात शंकर नावाचा पक्षी होता, या तारखेपर्यंत होता' म्हटलं की निदान ते झुडूप कुठलं ते विचारतात. हा माझा अनुभव आहे.

मर्लिन ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं जे नाव सांगतं ते खरं मानायचं का? आणि आवाज वाजवून पक्षी बोलावला तर चालतो का? (एक वाचक, हिंगोली)

ॲपनं सांगितलं म्हणजे इकडं बघ एवढंच समजायचं, डोळ्यांनी दिसल्याशिवाय यादीत लिहू नका, कोतवाल पक्षी दुसऱ्यांचे आवाज काढतो तेव्हा ॲप फसतं. आवाज वाजवणं मात्र नको. आवाज ऐकून पक्षी आपल्या हद्दीत दुसरा आला समजून खाणं सोडून भांडायला येतो, आणि या दिवसांत त्याचा एकेक घास मोलाचा आहे.

आमच्या टाकीजवळ दरवर्षी हिवाळ्यात एक धोबी पक्षी येतो, शेपटी हलवत फिरतो. तोच परत येतो का? आणि यंदा कधी जाईल? (एक निवृत्त कारकून, धाराशिव)

आधी एक बघून घ्या. भुवई पांढरी, डोकं-पाठ काळी, आकारानं मोठा आणि गातो, असा असेल तर तो मोठा कवडा धोबी, तो इथलाच, कुठंही जात नाही. पांढऱ्या चेहऱ्याचा आणि राखाडी पाठीचा असेल तर पाहुणा. त्याच्या गळ्याखालचा काळा भाग बघत रहा, मार्चमध्ये तो पसरून गडद होतो. तो झाला की जायचे दिवस आले.

तोच येतो का, तर कडं घातल्याशिवाय खात्री देता येत नाही, पण कडी घातलेले पक्षी वर्षानुवर्षं त्याच जागी, अगदी त्याच शेतात परत सापडलेत, त्यामुळं तुमच्या टाकीवर तोच येत असणं अगदी शक्य आहे.

मला तुमच्याकडून एक हवंय. पहिला कधी दिसला हे सगळेच लिहितात, कारण दिसला की आनंद होतो आणि तारीख लक्षात राहते. शेवटचा कधी दिसला हे फार कमी लोक लिहितात, कारण बघताना कळतच नाही की हे शेवटचं आहे. ते पुढच्या रिकाम्या दिवसांवरून मागं मोजावं लागतं, आणि त्यासाठी रोज बघून रोज लिहावं लागतं, नव्हता तरी 'नव्हता' असं. तुम्ही आयुष्यभर रजिस्टर ठेवलंय, तुमच्याइतकं नीट हे कोण करणार.

माझ्या वहीतलं देतो, घराच्या कुंपणावरच्या थिरथिऱ्याचं, तोही हिवाळी पाहुणाच. ३१ मार्च, सकाळी ६.४०, नळाजवळ, शेपटी थरथरवत होता. १ एप्रिल, नव्हता. २, नव्हता. ३ ला आवाज आल्यासारखा वाटला, पण दिसला नाही. ४, ५, ६, नव्हता. मग ७ तारखेला ३१ मार्चपुढं पेनानं लिहिलं, 'शेवटचा'.

तुमच्या धोब्याची तारीख कळवा, पांढरा का कवडा तेही लिहा.